डाळ शिजत नाही, इथून सुरुवात करा : नववी-दहावीचा संशोधन प्रकल्प

शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात मी मुलांना एकच गृहपाठ देते. घरात, शेतात, गिरणीवर मोठी माणसं जी वाक्यं ठामपणे बोलतात, ती जशीच्या तशी वहीत उतरवून आणायची. ‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही.’ ‘माठ जुना झाला की पाणी गार होत नाही.’ ‘ज्वारीत कडुलिंबाचा पाला घातला की सोंडे होत नाहीत.’ ‘राखेनं भांडी साबणापेक्षा लख्ख निघतात.’ आठवडाभरात वह्या भरतात, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य म्हणजे तपासायला तयार असलेलं गृहीतक असतं.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. मुलांना विज्ञान स्पर्धांसाठी तयार करते. आमच्याकडे मोठी प्रयोगशाळा नाही, पण प्रश्नांना तोटा नाही. स्पर्धेसाठी विषय शोधायला मोबाईल उघडला की ज्वालामुखी, हायड्रॉलिक जेसीबी, पाऊस आला की मिटणारं छप्पर हेच वर येतं. ती मॉडेलं करण्यात मजा आहे, हात वळतो, पण त्यात शोधायचं काही उरलेलं नसतं. उत्तर आधीच माहीत असेल तर त्याला संशोधन म्हणता येत नाही. तुमच्या घरातल्या वाक्याचं उत्तर मात्र तुमच्या आजीलाही आकड्यांत माहीत नसतं.

आधी नियमपुस्तिका

स्पर्धेस्पर्धेत फरक असतो आणि तो न पाहता काम सुरू केलं की चांगला प्रकल्प चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. तालुका-जिल्हा विज्ञान प्रदर्शनात प्रतिकृतीला महत्त्व असतं. इन्स्पायर मानकमध्ये नवी कल्पना लागते, एखादी अडचण सोडवणारं उपकरण किंवा युक्ती. निवड झाली की ती घडवायला 10,000 रुपये मिळतात. 1993 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा रोख आपल्या परिसरातल्या प्रश्नावर पद्धतशीर अभ्यास करण्याकडे असतो. ती 10 ते 17 वयाच्या मुलांसाठी आहे आणि तिचा मुख्य विषय ठरावीक काळाने बदलतो. मुंबई सायन्स टीचर्स असोसिएशनच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृती-संशोधन प्रकल्प करावा लागतो. आयसेफ या आंतरराष्ट्रीय मेळ्यापर्यंत जायचं स्वप्न असेल तर नियम आणखी कडक होतात. तिथे नववी ते बारावीची मुलं असतात, एका गटात जास्तीत जास्त तिघं, आणि माणसांवर किंवा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर काही करायचं असेल तर काम सुरू करण्यापूर्वी लेखी परवानगी लागते.

त्यातला एक नियम मी सगळ्याच मुलांना लागू करते. घरी जिवाणू वाढवायचे नाहीत. ‘लिंबाच्या रसानं जंतू मरतात का’ हा विषय दरवर्षी कुणीतरी आणतंच. बंद डबीत काय वाढलंय हे आपल्याला कळत नाही, आणि ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायची वस्तू नव्हे. आयसेफमध्ये तर असा घरचा प्रयोग थेट बाद होतो.

वाक्याचा प्रश्न करणं

आता डाळीचंच उदाहरण शेवटपर्यंत नेते, कारण या विषयात संशोधनाचं जवळजवळ सगळं येतं.

‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ हे वाक्य तसंच्या तसं तपासता येत नाही. कुठली बोअर? कुठली डाळ? शिजत नाही म्हणजे अजिबातच नाही की उशिरा? दोन मुलींनी हे वाक्य आणलं की मी त्यांना आधी बोलायला लावते. आजीला विचारा, आडाच्या पाण्यात शिजायची का? जारच्या पाण्यात? सोडा घातला तर? या गप्पांतूनच प्रश्न घासला जातो आणि शेवटी असा होतो : पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, वाढला की तूरडाळ शिजायला लागणारा वेळ वाढतो का, आणि किती? यात बदलायची गोष्ट एक, मोजायची गोष्ट एक. बाकी सगळं सारखं ठेवायचं. तुमचा प्रश्न या साच्यात बसत नसेल तर काम सुरूच करू नका, आणखी चार दिवस प्रश्नावरच घालवा. ते दिवस वाया जात नाहीत.

याच वेळी थोडं वाचनही हवं. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि डाळ मऊ पडते. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून दाणा टणक राहतो. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे, आणि त्याच्या भेगांत मुरलेलं पाणी क्षार घेऊनच वर येतं. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन विचारलं तर आपल्या भागातल्या पाण्याबद्दल माहिती मिळते. मुलांनी स्वतः जाऊन विचारावं, शाळेचं पत्र सोबत न्यावं. अहवालात ‘आम्ही माहिती गोळा केली’ असं लिहिण्यापेक्षा ‘अमुक तारखेला कार्यालयात जाऊन हे तीन प्रश्न विचारले’ असं लिहिलेलं कितीतरी भक्कम.

पाणी मोजणं

नमुना घेण्यापासून काटेकोर राहा. हातपंप किंवा मोटर पाच मिनिटं चालू द्या, मग त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळा, मग भरा. बाटलीवर लगेच चिठ्ठी लावा : ठिकाण, तारीख, वेळ, कुणी भरलं. आड, दोन-तीन बोअर, गावचा नळ, जारचं पाणी आणि पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी, इतकं पुरे. बोअरची खोली मालकाला विचारून लिहून ठेवा.

टीडीएस मीटर स्वस्त मिळतं म्हणून मुलं तेच उचलतात. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून सगळ्या क्षारांचा अंदाज देतं. त्यात मीठही आलं. आपल्याला हवे आहेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यासाठी ईडीटीएचं अनुमापन करावं लागतं, म्हणजे ईडीटीए या रसायनाचं द्रावण थेंबथेंब घालून, रंग बदलेपर्यंत ते किती लागलं हे मोजायचं. हे काम जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतं. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन गेलात तर कुणी सहसा नाही म्हणत नाही. 50 मिली पाणी शंकूपात्रात घ्यायचं, पाणी अल्कधर्मी ठेवणारं अमोनियाचं बफर घालायचं, रंग दाखवणारं एरिओक्रोम ब्लॅक टी चिमूटभर टाकायचं. पाणी जांभळट लाल होतं. मग ब्युरेटमधून 0.01 मोलर ईडीटीए थेंबथेंब सोडायचं आणि पात्र हलवत राहायचं. शेवटाजवळ रंग मध्येच अडकल्यासारखा वाटतो, तिथे घाई करायची नाही. लालसर झाक पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबायचं. समजा ब्युरेटवर 24.6 मिली आले. या पद्धतीत 50 मिली नमुन्यासाठी त्याला 20 ने गुणायचं, म्हणजे जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबानं, लिटरला 492 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा 200 आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 आहे. हे दोन आकडे आलेखावर रेघ मारून दाखवले की आपला आकडा कुठे बसतो ते बघणाऱ्याला एका नजरेत कळतं. बफरचा वास उग्र असतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि शिक्षक शेजारी असल्याशिवाय बाटलीला हात लावू नका.

‘शिजली’ म्हणजे काय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. परीक्षक हमखास इथेच बोट ठेवतात. आई चिमटीत दाणा दाबून सांगते, झाली. तिचं बरोबर असतं, पण तिची चिमटी दुसऱ्याला वापरता येत नाही. कुणीही केलं तरी तेच उत्तर येईल अशी पद्धत हवी.

आम्ही करतो ती अशी. दर पाच मिनिटांनी झाऱ्यानं वीस दाणे काढायचे, लगेच गार पाण्यात टाकायचे म्हणजे शिजणं थांबतं. एकेक दाणा काचेच्या दोन पट्ट्यांत ठेवायचा, वर अर्ध्या किलोचं वजन ठेवायचं, मनात पाच मोजायचे, वजन उचलायचं. काच उजेडाकडे धरली की दिसतं : शिजलेला दाणा सगळीकडे सारखा पसरतो, कच्च्या दाण्यात मध्ये पांढरा टणक कण राहतो. विसातले अठरा दाणे कणाशिवाय पसरले की ती डाळ शिजली असं आम्ही ठरवतो. अठराच का, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे : काही दाणे मुळातच हट्टी असतात, आणि हा आकडा प्रयोग सुरू करण्याआधी ठरवून वहीत लिहिलेला आहे. आधी ठरवलेला असणं महत्त्वाचं. निकाल पाहून रेघ हलवायची नाही.

दाणे दाबणाऱ्या मुलीला ते कुठल्या पाण्यातले आहेत हे कळता कामा नये. एकीनं वाट्यांवर अ, ब, क चिठ्ठ्या लावायच्या आणि यादी स्वतःकडे दुमडून ठेवायची, दुसरीनं दाबायचं. बोअरचं पाणी वाईट हे आपल्या मनात आधीच ठाम बसलेलं असतं, आणि मन हातावर दाब टाकतं. ही एक गोष्ट करणारे गट फार कमी असतात, म्हणून ती करणाऱ्या गटाकडे परीक्षकांचं लगेच लक्ष जातं.

डाळ सगळी एकाच पोत्यातली घ्या. जुनी, उन्हाळ्यात गरम कोठीत पडून राहिलेली डाळ मुळातच उशिरा शिजते, त्यामुळे दोन दुकानांची डाळ मिसळली तर फरक पाण्याचा की डाळीचा हे कळणार नाही. कुकर नको, कारण त्यात मध्येच दाणा काढता येत नाही. पातेलं तेच, झाकण तेच, गॅसची आच तीच, 50 ग्रॅम डाळीला 1 लिटर पाणी. पाणी इतकं जास्त का? आटलं म्हणून मध्ये त्याच बोअरचं पाणी ओतलं तर क्षार वाढत जातात आणि सुरुवातीला मोजलेला जडपणा खरा राहत नाही. भरपूर पाण्यात, झाकण ठेवून, वरून न ओतता काम भागतं. पाणी उकळल्यावर तापमापीही लावा. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. दुसऱ्या गावच्या आकड्यांशी तुलना करायची वेळ आली की ही नोंद कामी येते.

प्रत्येक पाणी किमान तीन वेळा. एकदा 38 मिनिटं, एकदा 41, एकदा 39 आली तर सरासरी 39.3 लिहा आणि शेजारी 38 ते 41 हेही लिहा. दोन पाण्यांमधला फरक दोन मिनिटांचा असेल आणि एकाच पाण्यात तीन मिनिटांची पसरण असेल, तर तो फरक सिद्ध झाला असं म्हणता येत नाही.

संबंधापासून कारणापर्यंत

इथवर आलेला प्रकल्प जिल्ह्याला चांगला ठरतो. पुढे जायचं असेल तर परीक्षकाचा एक प्रश्न आधी स्वतःला विचारा : बोअरच्या पाण्यात जडपणाखेरीज इतरही बरंच काही असतं, मग दोष कॅल्शियमचाच कशावरून?

त्यासाठी ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून क्षारमुक्त केलेलं पाणी घ्या आणि त्यात स्वतः जडपणा तयार करा. एका लिटरमध्ये 147 मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट विरघळवलं की 100 चा जडपणा मिळतो. 294 ला 200, 588 ला 400. वजन महाविद्यालयाच्या काट्यावर करा, सोनाराचा काटा इतक्या बारीक वजनाला पुरेलच असं नाही. आता पाण्यात बदललेली गोष्ट तुम्हीच बदललेली आहे. 0, 100, 200, 400 असे चार बिंदू आलेखावर मांडा आणि बोअर-आडाचे बिंदू त्याच आलेखावर वेगळ्या रंगानं टाका. ही डाळ खायची नाही, जनावरांनाही घालायची नाही. प्रयोगशाळेतलं रसायन खाण्याच्या दर्जाचं नसतं.

बोअरचे बिंदू या रेषेवर नेमके बसत नाहीत, आणि खरा आनंद तिथे आहे. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. ते पाणी किंचित अल्कधर्मी करतं, आणि अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन लवकर सुटतं. शिवाय उकळताना बायकार्बोनेटमुळे काही कॅल्शियम पांढरा थर होऊन पातेल्याला चिकटतं, म्हणजे पाण्यातला जडपणा उकळता उकळता कमी होतो. डाळीत आजी चिमूटभर सोडा टाकते तेव्हा ती हेच करते. सोड्यानं डाळ मऊ होते, मात्र काही बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. रेषेपासून दूर पडलेले बिंदू लपवू नका. ‘हे असं का झालं असावं आणि ते तपासायला आम्ही पाणी उकळून, गाळून, पुन्हा अनुमापन केलं’ असं सांगणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्या बोलताना समोरचे परीक्षक लिहायचं थांबवून ऐकत होते.

नोंदवही

नोंदवही शिवलेली हवी, पानांना आकडे घातलेली. शाईनं लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. डाळ उतू गेली, गॅस संपला, वीज गेली, हेही तारखेसह. मुलं काय करतात, शेवटच्या आठवड्यात नवी वही आणून सगळं सुवाच्य अक्षरात उतरवतात. माझी कळकळीची विनंती आहे, ते करू नका. हळदीचे डाग पडलेली खरी वही परीक्षकाला दहा पानी टंकलिखित अहवालापेक्षा जास्त पटते, कारण तीत काम घडताना दिसतं. दोघींनी कुणी काय केलं तेही रोज लिहा. ‘तुझं काम कुठलं?’ हा प्रश्न प्रत्येकीला वेगळा विचारला जातो.

अहवाल याच वहीतून निघतो : प्रश्न, आधी काय माहीत होतं, काय केलं, काय आढळलं, त्याचा अर्थ काय, कशाची खात्री नाही. गोषवारा सगळ्यात शेवटी लिहा, तो साधारण 250 शब्दांत बसवा आणि त्यात निदान दोन आकडे असू द्या. आभार मानताना ज्यांच्या आडाचं पाणी घेतलं त्या घरांचा उल्लेख विसरू नका.

पोस्टरवर मजकूर कमी, आलेख मोठा. अक्षांवर एकके लिहा. ‘वेळ’ एवढंच लिहून भागत नाही, मिनिटं की तास ते लिहायला हवं.

समोर उभं राहताना

पाठांतर नको. पाठ केलेलं भाषण मध्ये एक प्रश्न आला की तुटतं. त्याऐवजी गावात ज्यांना विज्ञानाचा गंधही नाही अशा चार माणसांना प्रकल्प समजावून सांगा. आमच्या मुली बचत गटाच्या बैठकीत जाऊन बोलतात. तिथल्या बाया जे विचारतात ते कुठल्याही परीक्षकाला सुचणार नाही. ‘मग मी उद्या कुठल्या पाण्यात डाळ टाकू?’ याचं उत्तर मुलींना साध्या शब्दांत देता यायला हवं. उत्तर येत नसेल तर ‘हे आम्ही तपासलेलं नाही, पण असं तपासता येईल’ असं म्हणा. हे वाक्य म्हणायला मुलं फार घाबरतात. घाबरू नका, या उत्तराचा मान राखला जातो.

पालकांना आणि माझ्या शिक्षक मित्रांना एवढंच सांगायचंय : प्रश्न विचारा, वाहनाची सोय करा, रसायनांपाशी उभे राहा, आणि हात मागे ठेवा. आलेख वाकडा आला तरी तो मुलांनीच काढलेला असू द्या. मोठ्या माणसानं केलेला प्रकल्प दोन प्रश्नांत उघडा पडतो, आणि त्या क्षणी त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही बक्षिसानं भरून निघत नाही.

जिल्ह्यातून निवड झाली तर परीक्षकांनी सुचवलेलं त्याच संध्याकाळी वहीत लिहून काढा, दुसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त विसरलेलं असतं. राज्यस्तरापर्यंत मिळणाऱ्या दिवसांत एखादीच गोष्ट वाढवा, उदाहरणार्थ तुरीऐवजी हरभरा, किंवा पावसाळ्यानंतर त्याच बोअरचं पुन्हा अनुमापन. आणि निवड नाही झाली तरी मेमध्ये, पाणी खोल गेलेलं असताना, त्याच बाटल्या घेऊन त्याच बोअरवर पुन्हा जा. पहिल्या नोंदींशेजारी त्या आकड्यांसाठी वहीत आत्ताच एक रकाना मोकळा ठेवा.